बिटकॉइनचे नियम नेमकं कोण ठरवतं? एका फुकट सॉफ्टवेअरवरून पेटलेल्या भांडणाची गोष्ट

तारीख १५ ऑगस्ट २०१०. भारतात रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. बिटकॉइन सुरू होऊन तेव्हा जेमतेम दीड वर्ष झालं होतं आणि एका नाण्याची किंमत दहा सेंटच्याही खाली होती.

त्या रात्री बिटकॉइनच्या हिशेबात ७४,६३८ क्रमांकाचा ब्लॉक जोडला गेला. त्यातल्या एका व्यवहारातून तब्बल १८,४०० कोटींहून जास्त बिटकॉइन हवेतून तयार झाले. 'बिटकॉइन कधीही २.१ कोटींच्या वर जाणार नाहीत' हे या चलनाचं सगळ्यात मोठं वचन. ते एका झटक्यात मोडलं होतं.

कारण होतं सॉफ्टवेअरमधली बेरजेची चूक. जुन्या गाडीच्या मीटरवर ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य येतं ना, तसंच काहीसं झालं. दोन प्रचंड आकड्यांची बेरीज इतकी मोठी झाली की मीटर उलटला, आणि सॉफ्टवेअरला वाटलं की व्यवहार ठीक आहे.

अशा वेळी बँक असती तर व्यवहार रद्द करून मोकळी झाली असती. इथे बँकच नव्हती. बिटकॉइनचा निर्माता सातोशी नाकामोतो याने काही तासांत दुरुस्त सॉफ्टवेअर दिलं, पण ते लोकांच्या संगणकावर बसवायचा अधिकार त्याच्याकडेही नव्हता. ते लोकांनी स्वतःहून डाउनलोड केलं. त्यांच्या संगणकांनी तो खोटा ब्लॉक नाकारला, खऱ्या हिशेबाची साखळी पुढे निघून गेली आणि दुसऱ्या दिवशी ते हजारो कोटी बिटकॉइन नाहीसे झाले.

या घटनेत एक प्रश्न दडलेला आहे. बिटकॉइनचे नियम कोण ठरवतं? सॉफ्टवेअर लिहिणारे की ते चालवणारे? याच प्रश्नावरून २०२५ मध्ये बिटकॉइनच्या जगात मोठं भांडण पेटलं. आणि मोबाइलवरच्या अ‍ॅपमधून क्रिप्टो घेणाऱ्या भारतीयांचाही त्याच्याशी संबंध आहे.

हे सॉफ्टवेअर करतं तरी काय?

या सॉफ्टवेअरचं नाव 'बिटकॉइन कोअर'. सातोशीने जानेवारी २००९ मध्ये जो प्रोग्राम सोडला, त्याचाच हा आजचा अवतार. 'कोअर' हे नाव त्याला २०१४ मध्ये मिळालं. ते फुकट आहे. त्याचा कोड कोणीही वाचू शकतं, बदलू शकतं आणि बदललेला कोड स्वतःच्या नावाने वाटूही शकतं. यालाच ओपन सोर्स म्हणतात.

समजा, तुमच्या चाळीत भिशी आहे. नेहमीच्या भिशीत हिशेबाची वही एकाच माणसाकडे असते आणि बाकीचे त्याच्यावर विश्वास ठेवतात. बिटकॉइनच्या भिशीत प्रत्येकाकडे वहीची आपापली प्रत असते. साधारण दर दहा मिनिटांनी एक नवं पान लिहिलं जातं. ते लिहिण्याचं काम मायनर करतात आणि त्याचा मोबदला घेतात. पण ते पान आपल्या वहीत चिकटवण्याआधी प्रत्येक सभासद स्वतः तपासतो. ज्याने पैसे दिले त्याच्याकडे ते होते का? त्याची सही खरी आहे का? मायनरने ठरल्यापेक्षा जास्त मोबदला तर घेतला नाही ना? यातलं काहीही चुकलं, तर पान केराच्या टोपलीत.

वहीची अशी पूर्ण प्रत ठेवून प्रत्येक पान तपासणारा संगणक म्हणजे नोड. बिटकॉइन कोअर चालवलं की तुमचा संगणक नोड होतो. याच सॉफ्टवेअरमध्ये वॉलेटही असतं. वॉलेट म्हटलं की आत नाणी ठेवली असतील असं वाटतं, पण नाण्यांची नोंद त्या वहीतच असते. वॉलेटमध्ये असते ती नाणी खर्च करायची चावी, म्हणजे एक गुप्त आकडा.

थोडक्यात, नोड नियम सांभाळतो आणि वॉलेट चावी सांभाळतं. या लेखातली सगळी भांडणं आणि सगळे अपघात या दोन वाक्यांभोवतीच फिरतात.

कोडचा मालक कोण?

कागदोपत्री कोणीच नाही. सातोशी २०११ च्या सुमारास गायब झाला. त्याच्यानंतर गॅविन अँड्रेसन आणि मग व्लादिमीर व्हॅन डर लान यांनी प्रकल्पाची धुरा सांभाळली. आता असा एकच प्रमुख राहिलेला नाही. जगभरातले शेकडो लोक बदल सुचवतात, एकमेकांचा कोड तपासतात, वाद घालतात. पण तो बदल मुख्य कोडमध्ये घालायचा अधिकार हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच लोकांकडे आहे. यातल्या अनेकांना ब्रिंक, स्पायरल, चेनकोड लॅब्ज यांसारख्या संस्थांकडून मानधन किंवा पगार मिळतो.

मग हे मूठभर लोक मनाला येईल ते करू शकतात का? इथे एक महत्त्वाची गोष्ट येते. बिटकॉइन कोअर आपोआप अपडेट होत नाही आणि ते मुद्दाम तसं ठेवलेलं आहे. फोनवरची अ‍ॅप रात्रीत बदलतात आणि सकाळी बटण भलतीकडेच सापडतं, तसं इथे होत नाही. नवी आवृत्ती आली तर नोडवाल्याने ती स्वतः उतरवायची. नको असेल तर जुनीच चालवायची, नाहीतर दुसऱ्याच कोणाची वापरायची. कोड लिहिणारे प्रस्ताव ठेवतात, तो मंजूर करतात ते चालवणारे.

२०१७ : जेव्हा बड्या कंपन्या हरल्या

हे नुसतं बोलण्यापुरतं नाही, हे २०१७ मध्ये दिसलं. व्यवहार वाढले होते आणि ब्लॉकमध्ये जागा कमी पडत होती. त्या वर्षी मे महिन्यात २२ देशांतल्या ५८ कंपन्यांनी 'न्यूयॉर्क करार' केला. त्यात ठरलं की 'सेगविट' नावाची सुधारणा आणायची आणि त्यासोबत ब्लॉकचा आकार दुप्पट करायचा. नेटवर्कची ८० टक्क्यांहून जास्त मायनिंग ताकद आपल्या बाजूने आहे, असा त्यांचा दावा होता. म्हणजे पानं लिहिणारे जवळपास सगळे एका बाजूला.

पण पानं तपासणारे अडून बसले. आकार दुप्पट करायला नोड चालवणाऱ्या अनेकांचा आणि कोअरच्या डेव्हलपर्सचा विरोध होता. वही जाड झाली तर साध्या घरातल्या संगणकाला ती पेलणार नाही, तपासणारे कमी होतील आणि शेवटी वही काही कंपन्यांकडेच राहील, असं त्यांचं म्हणणं होतं. ऑगस्टमध्ये सेगविट लागू झालं. आकार दुप्पट करायचा बेत मात्र ८ नोव्हेंबर २०१७ रोजी मागे घ्यावा लागला. ज्यांना मोठे ब्लॉक हवेच होते, त्यातला एक गट त्याआधीच, १ ऑगस्टला वेगळा झाला होता. त्यांचं नाणं म्हणजे 'बिटकॉइन कॅश'.

मग २०२५ मध्ये काय बिनसलं?

बिटकॉइनच्या व्यवहारासोबत छोटीशी टीप जोडता येते. मनीऑर्डरच्या फॉर्मवर खाली दोन ओळी लिहायची जागा असायची, तसंच. त्यासाठीच्या सोयीला 'ओपी रिटर्न' म्हणतात. बरीच वर्षं कोअरच्या नोडवर या टिपेला साधारण ८० बाइटची मर्यादा होती. म्हणजे मराठीत लिहायचं तर जेमतेम एक छोटं वाक्य.

२०२३ पासून 'ऑर्डिनल्स' नावाच्या प्रकारामुळे लोक चित्रं आणि मजकूर थेट बिटकॉइनच्या वहीत कोरायला लागले. त्यासाठी ओपी रिटर्न नाही, तर व्यवहारातली सहीची जागा वापरली जात होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये तर एका चित्राने जवळपास अख्खा ४ एमबीचा ब्लॉक व्यापला.

२०२५ च्या उन्हाळ्यात कोअरच्या डेव्हलपर्सनी ओपी रिटर्नची मर्यादा जवळजवळ काढून टाकायचं ठरवलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये आवृत्ती ३० आली आणि तिच्यात ही मर्यादा थेट १ लाख बाइट झाली. आणि ठिणगी पडली.

विरोधकांचा चेहरा होते ल्यूक डॅशज्युनिअर, म्हणजे २०११ पासून कोअरच्या कोडवर काम केलेले जुने डेव्हलपर. ते कोअरचाच कोड घेऊन 'बिटकॉइन नॉट्स' नावाचं वेगळं सॉफ्टवेअर चालवतात. त्यात अशा डेटाला अडवायचे कडक फिल्टर आहेत. २०२५ च्या सुरुवातीला नॉट्स चालवणारे नोड एक-दोन टक्केच होते. ऑक्टोबरपर्यंत हा आकडा बाहेरून दिसणाऱ्या नोडपैकी २० टक्क्यांच्या आसपास पोहोचला. वर्षानुवर्षं जवळपास सगळं नेटवर्क कोअरवर चालत होतं. त्या तुलनेत हे बंडच होतं.

दोघांचंही म्हणणं काय?

नॉट्सवाले म्हणतात, बिटकॉइन पैसा आहे, फोटो ठेवायचं कपाट नाही. नोड चालवणाऱ्याला कोणी पैसे देत नाही. मग लोकांची चित्रं त्याने आपल्या हार्ड डिस्कवर कायमची का ठेवायची? उद्या कोणी बेकायदा चित्र त्यात घातलं तर ते प्रत्येक नोडवाल्याच्या घरात जाईल. आणि इतका विरोध असूनही बदल रेटला जात असेल, तर डेव्हलपर कोणाचं ऐकतात?

कोअरवाले म्हणतात, मर्यादा होती पण ती कोणाला अडवत नव्हती. हे समजून घ्यायला हाउसिंग सोसायटी डोळ्यांसमोर आणा. सोसायटीचे उपविधी वेगळे आणि गेटवरच्या वॉचमनला दिलेल्या सूचना वेगळ्या. ८० बाइटची अट ही वॉचमनची सूचना होती. 'असा व्यवहार आला तर मी पुढे पाठवणार नाही,' इतकंच नोड म्हणत होता. पण तोच व्यवहार एखाद्या मायनरने थेट ब्लॉकमध्ये घातला, तर उपविधींप्रमाणे तो वैध होता आणि तोच नोड तो मुकाट्याने स्वीकारत होता. मायनरकडे असा थेट व्यवहार देण्याच्या सशुल्क सेवा आधीपासून आहेत. मग गेट बंद ठेवून फायदा काय? उलट लोक खोटे पत्ते तयार करून त्यात डेटा लपवतात आणि तो कचरा नोडला कायम मेमरीत वागवावा लागतो. त्यापेक्षा सरळ जागा दिलेली बरी.

तांत्रिकदृष्ट्या कोअरचा मुद्दा जड आहे, कारण मोठी चित्रं तर आवृत्ती ३० च्या आधीही वहीत शिरतच होती. पण नॉट्सवाल्यांचा राग फक्त बाइटचा नव्हता. 'आमच्या संगणकावर काय चालावं हे आम्ही ठरवणार' हा त्यांचा खरा मुद्दा होता, आणि ओपन सोर्सने त्यांना तो बजावायची सोय दिली. त्यांनी कोअर काढलं आणि नॉट्स टाकलं. त्यासाठी ना मोर्चा काढावा लागला, ना कोर्टात जावं लागलं.

अर्थात इथेही एक मेख आहे. कोअरचा प्रत्येक बदल अनेक जण तपासतात. नॉट्सचा कारभार मुख्यतः एकाच माणसाच्या हातात आहे. मूठभरांच्या सत्तेला विरोध करताना लोक एका माणसाच्या भरवशावर गेले, ही टीका नॉट्सवाल्यांना सहज खोडता आलेली नाही.

वाद तिथेच थांबला नाही. ऑक्टोबर २०२५ मध्येच एक प्रस्ताव पुढे आला. साधारण वर्षभरासाठी अशा डेटावर वॉचमनच्या सूचनेने नव्हे, तर थेट उपविधींमधूनच मर्यादा घालावी, असं त्यात म्हटलं होतं. पुढे त्याला 'बीआयपी ११०' असा क्रमांक मिळाला. यातला धोका २०१७ सारखाच आहे. काही नोड एक नियम पाळायला लागले आणि बाकीचे दुसरा, तर वहीच्या दोन वह्या होऊ शकतात.

कोड उघडा आहे, म्हणजे सुरक्षित आहे?

'ओपन सोर्स आहे, हजारो डोळे बघतात, म्हणजे चूक राहणार नाही' असं सर्रास म्हटलं जातं. दोन घटना याच्या उलट सांगतात.

पहिली सप्टेंबर २०१८ ची. कोअरमध्ये एक चूक सापडली. तिचा फायदा घेऊन एखाद्या मायनरला तीच नाणी एकाच व्यवहारात दोनदा खर्च करता आली असती, म्हणजेच २.१ कोटींची मर्यादा मोडून नवी नाणी तयार करता आली असती. कोड सगळ्यांसमोर उघडा होता, तरी ही चूक कित्येक महिने कोणाच्या नजरेत आली नाही. ती शोधली कोणी? तर प्रतिस्पर्धी बिटकॉइन कॅशच्या एका डेव्हलपरने. त्याने ती गुपचूप कळवली. कोअरने आधी चुकीचा कमी धोकादायक भागच जाहीर केला आणि लोकांनी अपडेट करायला सुरुवात केल्यावर, दोन दिवसांनी खरं गांभीर्य सांगितलं. उघड्या कोडच्या प्रकल्पालाही कधीकधी गुपित राखावं लागतं, ते असं.

दुसरी जानेवारी २०२६ ची, आणि ती वॉलेटशी संबंधित आहे. आवृत्ती ३०.० आणि ३०.१ मध्ये जुन्या पद्धतीचं वॉलेट नव्या पद्धतीत बदलताना, काही विशिष्ट परिस्थितीत संगणकावरच्या वॉलेटच्या फाइलीच पुसल्या जाऊ शकतात, असं आढळलं. बॅकअप नसेल तर चावी गेली आणि चावी गेली तर नाणी गेली. कोअरने त्या आवृत्त्या उतरवून घेण्याची सोय बंद केली, लोकांना सावध केलं आणि ३०.२ मध्ये दुरुस्ती दिली.

म्हणजे कोड उघडा असला की चूक सापडण्याची शक्यता वाढते. ती वेळेत सापडेलच, याची हमी मिळत नाही.

आणि आपल्याकडे?

१८ जुलै २०२४ रोजी, मुंबईत सुरू झालेल्या वझीरएक्स या क्रिप्टो एक्स्चेंजच्या एका वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलर, म्हणजे जवळपास २ हजार कोटी रुपये चोरीला गेले. ग्राहकांच्या एकूण ठेवींपैकी हा साधारण ४५ टक्के भाग होता. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियाने संयुक्त निवेदनात या चोरीमागे उत्तर कोरियाचे हॅकर असल्याचं म्हटलं. ग्राहकांचे पैसे अडकले. प्रकरण सिंगापूरच्या न्यायालयात गेलं आणि एक्स्चेंज पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडलं.

या चोरीत बिटकॉइनचं सॉफ्टवेअर कुठेही फुटलं नव्हतं. पण ग्राहकांच्या अ‍ॅपवर जी रक्कम दिसत होती, तिची चावी त्यांच्याकडे नव्हतीच. ती एक्स्चेंजकडे होती. अ‍ॅपवरचा आकडा म्हणजे 'आम्ही तुम्हाला इतकं देणं लागतो' अशी एक्स्चेंजची चिठ्ठी. नोड त्यांचा, चावी त्यांची आणि नियमांवरून भांडण झालं तर कोणत्या बाजूला राहायचं हा निर्णयही त्यांचाच. २०१७ सारखी वेळ पुन्हा आली, तर अ‍ॅपवर क्रिप्टो ठेवणारे कोट्यवधी लोक प्रेक्षकांतच बसलेले असतील.

मग चावी स्वतःकडे ठेवली की प्रश्न सुटला? तसंही नाही. नॉट्सवाल्या ल्यूक डॅशज्युनिअर यांनीच जानेवारी २०२३ मध्ये जाहीर केलं होतं की त्यांचे स्वतःचे दोनशेहून जास्त बिटकॉइन चोरीला गेले. बिटकॉइनचा कोड लिहिणाऱ्या माणसाला चावी सांभाळता आली नाही, तर सामान्य माणसाने कुठे जायचं? एक्स्चेंजवर ठेवलं तर दुसऱ्याच्या चुकीची किंमत मोजायची, घरी ठेवलं तर स्वतःच्या. बँकेत 'पासवर्ड विसरलो' म्हणता येतं. इथे ती खिडकीच नाही.

घरी नोड चालवायचा तर काय लागतं?

फार काही नाही. साधा संगणक, सतत चालू असणारं इंटरनेट आणि डिस्कवर जागा. पूर्ण वही आता ७०० जीबीच्या पुढे गेली आहे. तेवढी जागा नसेल तर सॉफ्टवेअर प्रत्येक पान तपासून जुनी पानं पुसत जातं, अशीही सोय आहे. पहिल्यांदा सगळी वही तपासायला मात्र काही दिवस लागू शकतात. मोबाइलवरची बहुतेक वॉलेट हे करत नाहीत. ती दुसऱ्याच्या नोडला विचारतात आणि त्याने सांगितलेलं खरं मानतात.

दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. नोड चालवून पैसे मिळत नाहीत, त्यामुळे 'नोड लावा, रोज कमवा' असं कोणी सांगत असेल तर सावध व्हावं. दुसरं म्हणजे, इतर अनेक वॉलेट १२ किंवा २४ शब्द लिहून ठेवायला देतात, तसं कोअर देत नाही. तिथे वॉलेटच्या फाइलचाच बॅकअप घ्यावा लागतो.

कायद्याचं म्हणाल, तर भारतात क्रिप्टो हे अधिकृत चलन नाही, पण ते बाळगण्यावर बंदीही नाही. १ एप्रिल २०२२ पासून त्यातल्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि एका व्यवहारातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. चावी घरी असली तरी कर चुकत नाही.

शेवटी मुद्दा काय?

बिटकॉइन २.१ कोटींच्या वर जाणार नाहीत, हे कोणत्याही सरकारने किंवा बँकेने लिहून दिलेलं नाही. ते एका फुकट सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेलं आहे आणि जोपर्यंत पुरेसे लोक ते स्वतःच्या संगणकावर तपासतात, तोपर्यंतच ते खरं आहे. बाहेरून दिसणारे नोड जगभरात मिळून २० हजारांच्या वर आहेत आणि क्रिप्टो बाळगणारे कोट्यवधी. म्हणजे वही तपासणारे मूठभर आणि त्यांच्या भरवशावर असलेले असंख्य.

ओपन सोर्सने वही सगळ्यांसमोर उघडी ठेवली आहे. पण ती उघडून बघायचे कष्ट कोणी घेतलेच नाहीत, तर ही भिशीही इतर कुठल्याही भिशीसारखीच राहते. वही एकाकडे आणि विश्वास बाकीच्यांकडे.